अरबी शिकायला परदेशी जाताना

विद्यार्थी मित्रांनो, दिवा-रोहा लोहमार्गावर पेण आणि नागोठणे या स्थानकांच्या मध्ये आपले कासू आहे. स्थानक लहान आहे. जवळून मुंबई-गोवा महामार्ग जातो आणि आजूबाजूला भातशेती आहे. पण या लहान गावाचा मोठ्या जगाशी संबंध नाही, असे मात्र समजू नका. आपल्या रायगड जिल्ह्यातील कितीतरी घरांतील माणसे सौदी अरेबिया, कुवेत, कतार, ओमान अशा देशांत नोकरीला आहेत. ती तेथे कामापुरते अरबी बोलायला शिकतात. परंतु हाती आलेला कागद वाचण्याची वेळ आली, की त्यांची अडचण होते. सौदी अरेबियाच्या कामगार कायद्यानुसार नोकरीचा करार अरबीत असावा लागतो. त्याच्यासोबत दुसऱ्या भाषेतील मजकूर असला आणि दोन्हींत फरक पडला, तर अरबी मजकूरच खरा मानला जातो. ज्या कागदावर आपण सही करतो, तो आपल्याला वाचता येऊ नये, ही केवढी मोठी अडचण आहे!

म्हणून अरबी नीट शिकलेल्या माणसाची गरज आपल्या भागाला आहे. अरबी जाणणाऱ्यांना भाषांतर, अध्यापन, पर्यटन, रुग्णालये, व्यापार आणि परराष्ट्र सेवा अशा अनेक ठिकाणी काम मिळते. सन १९७३ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेनेही अरबीला अधिकृत भाषेचे स्थान दिले. तुमच्यापैकी काहींना वाटत असेल, की आपणही एखाद्या अरब देशात जाऊन ही भाषा शिकावी. ही इच्छा चांगली आहे. पण नुसत्या इच्छेने विमान सुटत नाही. त्यासाठी काय तयारी करावी लागते, ते या पाठात आपण पाहू.

ही वाट नवी नाही

अरबी भाषेशी कोकणाची ओळख फार जुनी आहे. सन ९१६ च्या सुमारास अल-मसूदी हा अरब प्रवासी सैमूर या बंदरात आला होता. सैमूर म्हणजे आपल्याच जिल्ह्यातील चौल. तेथे अरब व्यापारी घरे करून राहत होते, असे त्याने लिहून ठेवले आहे. पुढे चौदाव्या-पंधराव्या शतकांत माहीम येथे मखदूम अली माहिमी हे मोठे विद्वान होऊन गेले. त्यांनी कुरआनवर अरबी भाषेत भाष्य लिहिले. हे भाष्य एकोणिसाव्या शतकात इजिप्तमध्ये छापले गेले. कोकणच्या किनाऱ्यावर लिहिलेला ग्रंथ अरबांच्या देशात छापला जातो, याचा अर्थ काय? अरबीचा पक्का पाया आपल्या मातीतही घालता येतो, हाच त्याचा अर्थ.

ही गोष्ट लक्षात ठेवा. परदेशात मिळणारे एक वर्ष फार मोलाचे असते. जे कासूत राहून शिकता येते, तेच शिकण्यात ते वर्ष घालवू नये.

जाण्याचे तीन मार्ग

भाषा शिकायला परदेशी जाण्याचे मुख्यतः तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग विनिमय विद्यार्थ्याचा. विनिमय म्हणजे अदलाबदल. दोन विद्यापीठांत करार होतो. इकडचा विद्यार्थी काही महिने तिकडे जातो आणि तिकडचा इकडे येतो. अशा विद्यार्थ्याचे नाव आपल्याच महाविद्यालयाच्या पटावर राहते आणि तिकडचा अभ्यास करारानुसार इकडे धरला जातो. म्हणून या मार्गाने जायचे असेल, तर आधी भारतातील चांगल्या विद्यापीठात अरबीचे विद्यार्थी व्हावे लागते. दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि हैदराबादचे इंग्रजी व विदेशी भाषा विद्यापीठ येथे अरबीची पदवी घेता येते. मुंबई विद्यापीठातही अरबीचा विभाग आहे. प्रवेश घेतानाच विचारावे, 'आपल्या विद्यापीठाचा कोणत्या अरब विद्यापीठाशी करार आहे? तो आज चालू आहे काय?'

दुसरा मार्ग शिष्यवृत्तीचा. परदेशी सरकारे भारतीय विद्यार्थ्यांना ज्या शिष्यवृत्त्या देतात, त्यांतील काहींच्या सूचना आपले शिक्षण मंत्रालय प्रसिद्ध करते. काही विद्यापीठे स्वतःही शिष्यवृत्त्या देतात. दोहा येथील कतार विद्यापीठात अरबी मातृभाषा नसलेल्यांसाठी अरबीचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. मदीनेचे इस्लामी विद्यापीठ सन १९६१ मध्ये स्थापन झाले. तेथे परदेशी विद्यार्थ्यांना आधी अरबी शिकवण्यासाठी वेगळी संस्था आहे. रियाधमधील राजकन्या नूरा विद्यापीठ हे स्त्रियांचे विद्यापीठ आहे आणि तेथेही बिगर-अरब विद्यार्थिनींसाठी अरबीचे वर्ग आहेत. तेव्हा हा मार्ग फक्त मुलांचा आहे, असे मुलींनी समजू नये.

तिसरा मार्ग स्वखर्चाचा. ओमानमधील मनह या गावी परदेशी लोकांना अरबी शिकवणारे सुलतान काबूस यांच्या नावाचे महाविद्यालय आहे. तेथे काही आठवड्यांचे वर्ग होतात. ट्युनिस शहरातील बुर्गिबा संस्थेचे उन्हाळी वर्गही प्रसिद्ध आहेत. वेळ थोडा असेल, तर असे लहान वर्ग उपयोगी पडतात. पण त्यांच्या प्रमाणपत्राला पदवी समजू नये.

घरची तयारी

उर्दू माध्यमाच्या विद्यार्थ्याला अरबीची निम्मी वाट आधीच माहीत असते. लिपी ओळखीची असते. मकतबात कुरआन वाचल्यामुळे उच्चारांचा सरावही झालेला असतो. परंतु वाचता येणे वेगळे आणि समजणे वेगळे. अर्थ न कळता आपण पानेच्या पाने वाचू शकतो. भाषा शिकणे म्हणजे ऐकणे, बोलणे, वाचणे आणि लिहिणे ही चारही कामे अर्थ समजून करणे होय.

उर्दूच्या ओळखीमुळे काही चुकाही होतात. उर्दू बोलताना आपण से, सीन आणि स्वाद या तीन अक्षरांचा उच्चार एकसारखाच करतो. ज़ाल, ज़े, ज़्वाद आणि ज़ोय यांचेही तसेच. अरबीत ही सातही अक्षरे वेगवेगळी उच्चारली जातात. 'क़ल्ब' म्हणजे हृदय आणि 'कल्ब' म्हणजे कुत्रा. एका अक्षराने केवढा अनर्थ होतो, पाहा! शब्दांच्या अर्थांतही फरक आहे. उर्दूत आणि मराठीत 'गरीब' म्हणजे ज्याच्याजवळ पैसा नाही तो. अरबीत 'ग़रीब' म्हणजे परका किंवा विचित्र. उर्दूत 'जुलूस' म्हणजे मिरवणूक, तर अरबीत 'जुलूस' म्हणजे बसणे. एक निघते, दुसरे बसते! उर्दूतील चार, पाच आणि सहा हे अंकही पुष्कळ अरब देशांत थोडे वेगळे लिहिले जातात. असे शब्द आणि अंक एका वहीत जोड्या लावून लिहून ठेवावेत.

आणखी एक गोष्ट आहे. पुस्तकातील अरबीला 'फ़ुसहा' म्हणतात आणि बाजारातील बोलीला 'आम्मिया' म्हणतात. 'मला पाहिजे' यासाठी पुस्तकात 'उरीदु' हा शब्द आहे. कैरोतील माणूस त्याऐवजी 'आयिज़' म्हणतो आणि सौदी अरेबियात 'अबग़ा' असे ऐकू येते. याचे आपल्याला नवल वाटायला नको. वर्गात आपण 'पाणी' लिहितो आणि पेणच्या बाजारात आगरी मावशी 'पानी' म्हणते. घरी कोकणी बोली, शाळेत उर्दू, पुस्तकात मराठी आणि बाजारात आगरी, असा आपला रोजचा दिवस असतो. ज्याचे कान इतक्या बोलींना सरावलेले आहेत, त्याला फ़ुसहा आणि आम्मिया यांचे भय का वाटावे? मात्र क्रम सोडू नये. आधी फ़ुसहा पक्की करावी आणि मग जेथे जाऊ तेथील बोली शिकावी.

परदेशी विद्यापीठात गेल्यावर सामान्यतः आधी चाचणी घेतात आणि मग वर्ग ठरवतात. ज्याला फक्त अक्षरे येतात, त्याला पहिल्या वर्गात बसवतात. ज्याला साधी वाक्ये, क्रियापदांची रूपे आणि रोजच्या वापरातील शब्द येतात, तो वरच्या वर्गात बसतो. दोघांचा खर्च तेवढाच होतो, पण दुसरा विद्यार्थी अधिक शिकून परत येतो.

कागदपत्रांची तयारी

आता कागदपत्रांकडे वळू. येथे एक गंमत सांगतो. तारीख, अर्ज, दाखला, मुदत, हिशेब आणि वकिलात हे सहा शब्द मराठी आहेत. पण त्यांचे मूळ अरबी आहे. परदेशी जाण्याची सगळी तयारी या सहा शब्दांत सामावते. आपण त्यांचाच क्रम घेऊ.

पहिली तारीख. बहुतेक अरब विद्यापीठांचे वर्ष सप्टेंबरच्या आसपास सुरू होते. तेथून उलटे मोजत यावे. सप्टेंबरमध्ये वर्ग भरणार असतील, तर जुलै-ऑगस्ट व्हिसासाठी हाताशी हवेत. त्याआधीचे एक-दोन महिने कागदांच्या साक्षांकनासाठी हवेत. साक्षांकन म्हणजे कागद खरा असल्याची सरकारी खूण. त्याआधी निवड आणि त्याच्याही आधी अर्ज. म्हणजे ज्या वर्षी जायचे, त्याच्या आदल्या वर्षीच पासपोर्ट तयार असावा. ज्याने जूनमध्ये पासपोर्टसाठी धावपळ सुरू केली, त्याचे ते वर्ष बहुधा वाया जाते.

दुसरा अर्ज. पासपोर्टचा अर्ज भरताना नावाकडे फार लक्ष द्यावे. अरबीत 'मुहम्मद' हे नाव एकाच प्रकारे लिहितात. इंग्रजीत मात्र ते कोणी कसे लिहितो, कोणी कसे. जन्माच्या दाखल्यावर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे आणि आधार कार्डावर फक्त पहिली दोन-तीन अक्षरे, असा घोळ आपल्याकडे नेहमी आढळतो. वडिलांचे नाव आणि आडनाव यांचेही तसेच होते. परदेशी कार्यालयाला ही दोन निराळी माणसे वाटतात. म्हणून दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरतानाच सर्व कागदांवरील नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. चूक असल्यास मुख्याध्यापकांकडे किंवा ग्रामपंचायतीत जाऊन वेळीच दुरुस्त करून घ्यावी. नाव बदलायचेच असेल, तर ते महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करावे लागते.

सन २०१२ मध्ये ठरलेल्या दराप्रमाणे प्रौढांच्या ३६ पानी साध्या पासपोर्टचे शुल्क १५०० रुपये आहे. अठरा वर्षांखालील मुलांना १००० रुपये पडतात. मुलांचा पासपोर्ट साधारणतः पाच वर्षांचा असतो, पण पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर दहा वर्षांचा पासपोर्टही मागता येतो. पोलीस चौकशीच्या वेळी अर्जातील पत्त्यावर हजर राहावे.

तिसरा दाखला. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला जपून ठेवावा. प्लास्टिकचे कायमचे आवरण त्यांना लावू नये, कारण मागील बाजूस शिक्के मारावे लागतात. भारत सन २००५ मध्ये हेग येथील अपोस्टिल करारात सामील झाला. त्या करारातील देशांसाठी आधी राज्य शासनाकडून तपासणी होते आणि मग परराष्ट्र मंत्रालय अपोस्टिलची चिठ्ठी लावते. ओमान हा देश या करारात आहे. जे देश करारात नाहीत, त्यांच्यासाठी याखेरीज त्या देशाच्या वकिलातीचा शिक्काही लागतो. म्हणून कोणत्या देशात जायचे, हे ठरल्याशिवाय शिक्क्यांवर पैसे खर्च करू नयेत.

मदरशात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी एक गोष्ट विसरू नये. अरबी कितीही चांगली येत असली, तरी विद्यापीठे बहुधा बारावी किंवा तिच्याशी समकक्ष, म्हणजे तिच्या बरोबरीचे, प्रमाणपत्र मागतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत दहावी आणि बारावीची परीक्षा बाहेरून देता येते. तिचा लाभ घ्यावा.

चौथी मुदत. अर्जाची शेवटची तारीख म्हणजे मुदत. शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये. मुदत पासपोर्टलाही असते. पुष्कळ देश पासपोर्टची निदान सहा महिन्यांची मुदत शिल्लक असल्याशिवाय प्रवेश देत नाहीत.

पाचवा हिशेब. शिष्यवृत्ती मिळाली म्हणजे सगळे फुकट झाले, असे नाही. एका वहीत दोन रकाने आखावेत. एका रकान्यात शिष्यवृत्तीतून काय मिळणार, ते लिहावे. शिक्षणशुल्क, वसतिगृह, दरमहा भत्ता आणि विमानाचे तिकीट यांपैकी काय आहे आणि काय नाही, ते पत्रात शब्दशः वाचावे. दुसऱ्या रकान्यात घरून काय भरावे लागणार, ते लिहावे. पासपोर्ट, शिक्के, भाषांतर, वैद्यकीय तपासणी, मुंबईच्या फेऱ्या, विमा, पहिल्या महिन्याचा खर्च आणि परतीच्या तिकिटाची तरतूद या बाबी त्यात येतात. भत्ता पहिल्याच दिवशी हातात पडेल, असे धरून चालू नये. दुसऱ्या रकान्याची बेरीज घरच्यांना दाखवावी आणि मगच होकार द्यावा. आईचे दागिने किंवा शेताचा तुकडा विकून निघायचे आणि मध्येच पैसे संपले म्हणून परतायचे, यापेक्षा एक वर्ष थांबलेले बरे.

पैशाची मदत शोधताना माहिती ताजी आहे ना, हे पाहावे. परदेशी शिकणाऱ्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या कर्जावरील व्याजासाठी केंद्र सरकारची 'पढो परदेश' ही योजना होती. ती सन २०२२ मध्ये बंद झाली. तरीही तिचे नाव सांगणारे लोक अजून भेटतात. महाराष्ट्रात मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ आहे. त्याच्या जिल्हा कार्यालयात जाऊन शैक्षणिक कर्जाची चौकशी स्वतः करावी.

सहावी वकिलात. सौदी अरेबिया, कुवेत, ओमान आणि इजिप्त यांच्या वाणिज्य वकिलाती मुंबईतच आहेत. व्हिसा विद्यार्थ्याचाच घ्यावा. कोणी म्हणेल, 'उमऱ्याच्या किंवा भेटीच्या व्हिसावर चला, तिथे गेल्यावर बघू.' अशा माणसापासून दूर राहावे. व्हिसा ज्या कामासाठी असेल, तेच काम त्यावर करता येते. नियम मोडल्यास दंड होतो आणि देश सोडावा लागतो. तसेच विद्यापीठाच्या नावाने कोणी रोख पैसे मागितले, तर आधी विद्यापीठाला पत्र लिहून खात्री करावी. प्रवेशाचे पत्र हाती आले, की त्यावरील नाव, अभ्यासक्रम आणि मुदत पुन्हा तपासावी.

तेथे गेल्यावर

तेथे पोहोचताच भारतीय वकिलातीत आपली नोंद करावी. परदेशातील भारतीयांच्या तक्रारींसाठी परराष्ट्र मंत्रालयाने सन २०१५ मध्ये 'मदद' नावाची सेवा सुरू केली. विद्यार्थ्यांनाही तिचा उपयोग होतो. योगायोगाने 'मदद' हाही अरबी शब्द आहे आणि आपल्या मराठीत तो 'मदत' म्हणून आला आहे. पासपोर्ट, व्हिसा आणि प्रवेशपत्र यांच्या प्रती घरीही ठेवाव्यात.

पैशाचे नीट समजून घ्यावे. ओमानच्या एका रियालचे हजार बैसे होतात. हा 'बैसा' म्हणजे आपला 'पैसा'च आहे. पण किंमत सारखी नाही! प्रत्येक वस्तू घेताना रुपयांत गुणाकार करण्याची सवय पहिले काही दिवस ठेवावी.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट सोबतीची आहे. आखाती देशांत जागोजागी आपली माणसे भेटतात. त्यांच्याशी उर्दू बोलून दिवस सहज निघून जातो. घरची आठवण येते तेव्हा ते बरेही वाटते. पण मग अरबी शिकायची केव्हा? दिवसातील काही तास फक्त अरबीच बोलायची, असा नियम करावा. चुकले तर लोक हसतील, या भीतीने गप्प बसू नये. दुकानदार, वसतिगृहाचा पहारेकरी, ग्रंथपाल हे सारे आपले शिक्षकच आहेत. रोज रात्री दहा नवे शब्द वहीत लिहिले, तर तीनशे दिवसांत तीन हजार शब्द होतात.

परत आल्यावर

परदेशी प्रमाणपत्र भारतात कोठे चालेल, हा प्रश्न निघण्यापूर्वीच विचारायचा असतो. परदेशी शिक्षणाच्या समकक्षतेसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने सन २०२५ मध्ये नवे नियम केले. पुढे येथे पदवी किंवा नोकरी करायची असेल, तर ज्या संस्थेत परत प्रवेश घ्यायचा, तिला आधीच विचारून लेखी उत्तर घ्यावे. विनिमय विद्यार्थ्याने आपल्या महाविद्यालयाची लेखी परवानगी सोबत ठेवावी. नाहीतर भाषा येते, पण वर्ष बुडते.

विद्यार्थी मित्रांनो, या साऱ्या तयारीला पैसा फारसा लागत नाही. लागते ती शिस्त. नावाची अक्षरे ताडून पाहणे, शब्दांची वही करणे, रोज अर्धा तास अरबी मोठ्याने वाचून तिचा अर्थ लावणे, ही कामे तुम्ही आजच सुरू करू शकता. पुढे परदेशी जाणे झाले, तर या मेहनतीचे चीज होईल. काही कारणाने जाणे झाले नाही, तरी शेजारचे काका नोकरीचा करार घेऊन तुमच्या दारी येतील. तो वाचून 'काका, सही करण्यापूर्वी हे कलम विचारून घ्या' असे तुम्ही त्यांना सांगू शकाल. ही विद्या लहान नव्हे.

स्वाध्याय

१. विनिमय विद्यार्थी आणि शिष्यवृत्तीवर जाणारा विद्यार्थी यांतील फरक तुमच्या शब्दांत सांगा.

२. 'जे कासूत राहून शिकता येते, तेच शिकण्यात ते वर्ष घालवू नये', असे लेखकाने का म्हटले आहे?

३. अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : मुदत, साक्षांकन, समकक्ष, तरतूद.

४. मूळ अरबी असलेले आणखी पाच मराठी शब्द शोधा. उर्दूत त्यांचा अर्थ तोच आहे का, ते लिहा.

५. तुमच्या जन्माच्या दाखल्यावर, शाळेच्या नोंदवहीत आणि आधार कार्डावर तुमचे नाव कसे लिहिले आहे, ते घरी ताडून पाहा.